पुण्याहून भूतान: आधी रात्री मोजा, मग ठिकाणं

भूतानच्या सहलीचे जे कार्यक्रम पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत असतात, त्यांत बहुतेक वेळा ठिकाणांची यादी लांबलचक आणि मुक्काम चार-पाच असतात. देश लहान, तेव्हा आठवड्यात सगळा उरकेल, असा त्यामागचा हिशेब. देश लहान आहे हे खरंच. क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा आठवा हिस्सा. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडमध्ये सतरा लाखांवर माणसं मोजली गेली होती, यावरून अंदाज यावा. पण हा सगळा देश उभा-आडवा डोंगरांत दुमडलेला आहे. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर कापायला अर्धा दिवस जातो, आणि दोन गावांच्या मध्ये तीन हजार मीटरची खिंड असू शकते. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यानं ठिकाणं निवडायच्या आधी रात्री ठरवाव्यात.

पायरी १: रात्रींचा हिशेब

भूतानमध्ये पर्यटकाकडून दर रात्रीमागे शाश्वत विकास शुल्क घेतात. सगळे त्याला एसडीएफच म्हणतात. भारतीय प्रौढाला एका रात्रीचे १,२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मे, सहाच्या आतल्याला माफ. नवरा-बायको आणि नऊ वर्षांचं मूल पाच रात्री राहिलं, तर १५,००० रुपये निव्वळ शुल्काचे. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. झोंग (किल्ल्यासारखी वास्तू, आत मठ आणि सरकारी कचेरी) आणि मठांची प्रवेश तिकिटंही वेगळी.

हा आकडा पाहिला की दोन मोह होतात. एक, रात्री कमी करायच्या. दुसरा, पैसे भरलेतच तर रोज चार ठिकाणं कोंबायची. दोन्ही टाळा. पहिल्या खेपेला पश्चिम भूतान पुरे: थिंफू, पुनाखा आणि पारो ही तीन खोरी. त्यांना सहा रात्री द्या: थिंफू दोन, पुनाखा एक, पारो तीन. सातवी रात्र हाताशी असेल तर फोबजिखाचं खोरं. मध्य भूतानमधलं बुमथांग सुंदर आहे, जुनी मंदिरं तिकडेही आहेत. पण थिंफूपासून अडीचशे किलोमीटरच्या वर, घाटांमागून घाट. दहा-बारा दिवसांची रजा असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पारोला तीन रात्री कशाला, असं टूरवाला हमखास विचारेल. उत्तर तक्तसांग या कड्यावरच्या मठाच्या चढाईत आहे, पुढे येतंच.

पायरी २: कागदपत्रं

भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक चालतं. आधार कार्ड चालत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण विमानतळावर ‘सगळीकडे आधारच तर चालतं’ म्हणणारी माणसं असतात आणि त्यांना परत फिरावं लागतं. घरातल्या काकू-मावशींकडे पासपोर्ट नसेल तर त्यासाठी मुंढव्याच्या पासपोर्ट कार्यालयात हेलपाटे घालायची गरज नाही, मतदार कार्डावर काम भागतं. फक्त नाव पाहा. कार्डावर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. तिकीट आणि परवान्याचा अर्ज, दोन्ही ठिकाणी जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचंच नाव लिहा.

अठराच्या आतल्या मुलांना मतदार कार्ड असणारच नाही. त्यांचा पासपोर्ट नाहीतर जन्मदाखला लागतो, आणि दाखला इंग्रजीत हवा. तुमच्याकडची जुनी प्रत नुसती मराठीत असेल तर महापालिकेतून नवी आधीच काढून ठेवा.

परवान्याचा अर्ज ऑनलाइन, घरी बसून करावा. सीमेवरही करता येतो. पण शनिवार-रविवारी किंवा सणाच्या दिवशी पोचलात तर अडकाल, आणि त्यांचे सण आपल्या कालनिर्णयात नसतात. अर्जात जी जी गावं पाहायची ती सगळी लिहा. ‘पुनाखाचं पुढे बघू’ असं इथे चालत नाही, मधल्या चौक्यांवर परवाना तपासतात. गाईड कुठे सक्तीचा आणि कुठे ऐच्छिक, हे बुकिंगच्या वेळी त्यांच्या पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. सक्ती नसली तरी पुनाखाच्या पुढे जाणार असाल तर गाईड घ्याच. भिंतीवरचं चित्र काय सांगतंय हे सांगणारं कुणी नसेल, तर तिसऱ्या मठानंतर सगळे मठ सारखेच दिसायला लागतात.

पायरी ३: महिना

दिवाळीची सुट्टी सर्वांत चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आभाळ स्वच्छ असतं, हिमशिखरं दिसतात. मार्च-एप्रिलही छान, एप्रिलमध्ये खिंडींच्या आसपास ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो. शाळांमुळे मे महिन्यातच जमत असेल तर जा, हवा सुखाची असते, फक्त शिखरं ढगात असण्याची तयारी ठेवा. जून ते ऑगस्ट मात्र नाही. पावसात ताम्हिणी-मुळशी करणाऱ्या मंडळींना ही सूचना आवडणार नाही, पण तिकडच्या पावसात दरडी कोसळतात आणि सीमेवरच्या फुंटशोलिंगहून थिंफूला जाणारा रस्ता तासन्‌तास बंद पडतो.

पायरी ४: पुण्याहून पोचणं

हवाई मार्ग सोपा आणि महाग. पुण्याहून दिल्ली किंवा कोलकाता, तिथून पारो. पारोला ड्रुकएअर आणि भूतान एअरलाइन्स या दोनच कंपन्या जातात. विमानतळ सुमारे २,२०० मीटरवर, चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे विमानं फक्त दिवसाउजेडी उतरतात आणि खास प्रशिक्षण घेतलेले मोजकेच वैमानिक तिथे उतरवू शकतात. हवा बिघडली की उड्डाण पुढे ढकललं जातं. म्हणून परतीच्या वेळी दिल्ली-पुणे विमान त्याच संध्याकाळचं धरू नका. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्टसकट अख्खी रांग दिसते.

रेल्वेनं जायचं तर आझाद हिंद एक्स्प्रेसनं हावडा, मग सियालदाहून कांचनकन्या एक्स्प्रेसनं हासीमारा. तिथून सीमेवरचं जयगाव अर्ध्या-पाऊण तासावर. वेळ हाताशी असलेल्या निवृत्त मंडळींना हे परवडतं. मधला मार्ग म्हणजे बागडोगऱ्यापर्यंत विमान आणि पुढे चार-एक तास टॅक्सी, चहाच्या मळ्यांतून. माझं मत: जाताना रस्त्यानं जा, येताना जमलं तर पारोहून उडा. रस्त्यानं गेलात की उंची हळूहळू वाढते आणि शरीर जुळवून घेतं.

जयगावात रात्री पोचलात तर मुक्काम तिथेच करा. गाव गजबजलेलं आणि धुळीचं आहे, पण भारतात आहे, त्यामुळे एसडीएफचा मीटर दुसऱ्या दिवशी सुरू होतो. सकाळी सीमा ओलांडून फुंटशोलिंगच्या इमिग्रेशनमधून पुढे. पलीकडे पाऊल टाकताच हॉर्नचा आवाज थांबतो. हा फरक कुणी सांगावा लागत नाही. घड्याळ अर्धा तास पुढे करा. पुढच्या प्रवासाला भूतानी नंबरप्लेटची टॅक्सी घ्या. आपली गाडी पुण्याहून दामटत नेणारे हौशी लोक आहेत, पण भारतीय गाडीला दिवसाचं वेगळं शुल्क पडतं आणि घाटात धुकं असतं.

पायरी ५: थिंफू, दोन रात्री

फुंटशोलिंगहून थिंफूला पाच-सहा तास. वाटेत चुझोमला पारो छू आणि थिंफूकडून येणारी वांग छू यांचा संगम लागतो. तिथे नेपाळी, तिबेटी आणि भूतानी अशा तीन धाटणीचे तीन स्तूप शेजारी शेजारी उभे आहेत. थांबून पाहा, पुढे सगळीकडे दिसणारी भूतानी धाटणी इथेच ओळखीची होते.

थिंफूची उंची २,३०० मीटरच्या आसपास. पुणे साधारण ५६० मीटरवर आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ वर, म्हणजे तुम्ही हॉटेलच्या खोलीतच कळसूबाईच्या वर झोपलेले असता. पहिल्या संध्याकाळी डोकं जड वाटलं तर घाबरू नका. भरपूर पाणी प्या, लवकर झोपा, आणि ‘पोचल्याचा आनंद’ साजरा करण्याचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्ध दोर्देन्मा. टेकडीवरची ही कांस्यमूर्ती ५१.५ मीटर उंच, वरून सोन्याचा मुलामा, आणि आतल्या सभागृहात सव्वा लाख लहान बुद्धमूर्ती मांडलेल्या. दहाच्या आत पोचा, नंतर गाड्यांची रांग लागते. मग मेमोरियल चोर्तेन. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये बांधलेला हा स्तूप पर्यटकांपेक्षा थिंफूच्या म्हाताऱ्या माणसांचा आहे. हातात जपमाळ, ओठांत मंत्र, आणि सकाळपासून प्रदक्षिणा. बाकावर अर्धा तास बसून पाहण्यासारखं हे एकच ठिकाण असेल, तरी ते यादीत शेवटी टाकतात.

दुपारी मोतीथांगला टाकिन पाहा. शेळीचं तोंड आणि गाईचं धड असावं असा दिसणारा हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी. मुख्य टपाल कार्यालयात तुमचा स्वतःचा फोटो छापलेलं, पत्रावर चालणारं तिकीट करून मिळतं. मुलांना हे सगळ्यात आवडतं. ताशिछो झोंग संध्याकाळी, कार्यालयं सुटल्यावर उघडतो. शनिवार-रविवार असेल तर नदीकाठच्या शेतकरी बाजारात चक्कर मारा. आणि हो, थिंफूत वाहतुकीचे सिग्नल नाहीत. मुख्य चौकात नक्षीदार छत्रीखाली पोलीस हातवारे करतो आणि गाड्या थांबतात. पुणेकरांनी हे दृश्य जरूर पाहावं. त्यावर भाष्य न केलेलं बरं.

पायरी ६: दोचुला आणि पुनाखा

थिंफूहून पुनाखाला तीन तास धरा, मध्ये दोचुला खिंड. उंची ३,१०० मीटरच्या आसपास, आणि एका टेकाडावर १०८ स्तूप. हे स्तूप प्राचीन वाटतात, पण आहेत आपल्या डोळ्यांदेखतचे. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्यानं दक्षिणेच्या जंगलात तळ ठोकलेल्या आसाममधल्या बंडखोरांवर कारवाई केली. त्यात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोरजी वांग्मो यांनी ते उभारले. फोटो काढताना एवढं माहीत असावं. सकाळी लवकर पोचलात आणि नशिबानं ढग नसले तर गांगखर पुएन्सुम दिसतं: ७,५७० मीटर, जगातलं अजून कुणीही सर न केलेलं सर्वांत उंच शिखर. भूताननं गिर्यारोहणावरच बंदी घातली आहे, त्यामुळे ते तसंच राहणार.

खिंडीवरून गाडी उतरू लागली की तासाभरात स्वेटर काढावा लागतो. पुनाखा १,२०० मीटरच्या थोडं वर, म्हणजे जवळपास सिंहगडाच्या माथ्याएवढं. भाताची खाचरं, केळी, ऊबदार हवा. जुनी राजधानी इथेच होती, १९५० च्या दशकात ती थिंफूला गेली. मठाधिपती आणि भिक्षू हिवाळ्यात अजूनही इथेच येऊन राहतात.

पुनाखा झोंगसाठी अख्खी दुपार ठेवा. फो छू म्हणजे बाप नदी आणि मो छू म्हणजे आई नदी, यांच्या संगमावर शबद्रुंग ङवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये तो बांधला. भूतानची वेगवेगळी खोरी एका राज्याखाली आणणारे हेच शबद्रुंग. झोंग म्हणजे किल्ला समजून गेलात तर अर्धवट समजेल. अर्ध्या भागात सरकारी कचेरी, अर्ध्या भागात मठ, आणि दोन्ही आजही चालू. १९०७ मध्ये पहिले राजे उग्येन वांगचुक यांचा राज्याभिषेक इथे झाला, २०११ मध्ये आताच्या राजांचं लग्नही इथेच लागलं.

या झोंगांना आगी लागतात. लाकूडकाम सगळीकडे आणि देवापुढे लोण्याचे दिवे, तेव्हा लागणारच. पुनाखाला अनेकदा लागल्या. १९९४ मध्ये वरच्या हिमतलावाचा बांध फुटून पूर आला तो वेगळाच. दर वेळी त्याच आराखड्यावर, त्याच पद्धतीनं पुन्हा बांधला. आपला शनिवारवाडा १८२८ च्या आगीनंतर जोती आणि तटबंदी म्हणून उरला, त्यामुळे लाकडी वाड्याचं आतलं वैभव कसं असेल हे आपण कल्पनेनं भरत असतो. पुनाखाच्या दरबारी चौकात उभं राहिलं की निदान एका देशानं ते कल्पनेवर सोडलेलं नाही, हे दिसतं. सुतार, रंगारी, चित्रकार अजून तेच काम करून पोट भरतात.

झोंगजवळचा लांब झुलता पूल ओलांडून या. दुसऱ्या सकाळी शेताच्या बांधावरून चालत छिमी ल्हाखांगला जा. द्रुकपा कुनले या अवलिया साधूचं हे देऊळ, अपत्यासाठी नवस बोलायला जोडपी येतात. वाटेवरच्या घरांच्या भिंतींवर आणि दुकानांत जी लिंगचित्रं दिसतील, ती त्याच परंपरेतली. दृष्ट लागू नये म्हणून काढलेली. सासूबाई बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा, म्हणजे सगळ्यांचीच सोय होते.

पायरी ७: फोबजिखा, जमलं तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल आणि सातवी रात्र असेल तर पुनाखाहून तीन तासांवरचं हे खोरं घ्या. तिबेटातून काळ्या मानेचे करकोचे हिवाळ्यासाठी इथे उतरतात. त्यांना तारांचा अडथळा नको म्हणून विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. दर वर्षी ११ नोव्हेंबरला गांगते मठात करकोच्यांचा उत्सव असतो. थंडी कडाक्याची, जवळपास २,९०० मीटर. इतर महिन्यांत हे खोरं वगळलं तरी हरकत नाही.

पायरी ८: पारो आणि तक्तसांग

तक्तसांग, म्हणजे टायगर्स नेस्ट, शेवटी ठेवायचं. कड्याला लागून असलेला हा मठ ३,१२० मीटरवर आहे, पारोच्या खोऱ्यापासून सुमारे ९०० मीटर वर. गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे उडत आले आणि गुहेत ध्यानाला बसले, अशी श्रद्धा. मठ १६९२ चा. १९९८ च्या आगीत मुख्य वास्तू जळाली आणि २००५ पर्यंत पुन्हा उभी राहिली. थिंफू-पुनाखात चार-पाच दिवस घालवून आलात की दम कमी लागतो. विमानानं थेट पारोत उतरून दुसऱ्याच सकाळी चढायला लावणारे कार्यक्रम असतात, ते नाकारा.

पारोला पहिली दुपार आरामात घालवा: रिनपुंग झोंग, त्याच्या वरच्या जुन्या टेहळणी बुरुजातलं राष्ट्रीय संग्रहालय, आणि सातव्या शतकातलं म्हणून मानलं जाणारं कियछू ल्हाखांग. दुसऱ्या सकाळी सातच्या आधी पायथ्याशी. वर जायला अडीच-तीन तास, मठ पाहून खाली यायला धरून पाच-सहा. अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोडा मिळतो, पुढे नाही. येताना घोडा मिळत नाही. शेवटी शेकड्यांनी पायऱ्या आहेत: आधी दरीत उतरा, धबधब्याशेजारून पूल ओलांडा, मग पुन्हा चढा. मोबाइल, कॅमेरा, पिशवी दाराशी लॉकरमध्ये ठेवावी लागते.

तयारी पुण्यातच करा. निघण्याआधीचे दोन महिने दर रविवारी आतकरवाडीकडून सिंहगड चढा. थांबत थांबत का होईना, तो चढ जमला तर तक्तसांगही जमेल. पर्वतीच्या पायऱ्यांवर भागेल असं समजू नका. गुडघे कुरकुरत असतील तर उपाहारगृहापर्यंतच जा. समोरच्या कड्यावरचा मठ तिथून पूर्ण दिसतो, त्यात कमीपणा काही नाही.

तिसरा दिवस चेले ला खिंडीचा. जवळपास ४,००० मीटर, गाडी वरपर्यंत जाते, हजारो प्रार्थनापताका आणि बोचरा वारा. पलीकडे ‘हा’ नावाचं खोरं. पाय दुखत असतानाही करता येतं, म्हणून तक्तसांगच्या दुसऱ्या दिवशी ठेवायचं.

खाणं, पैसे, रीतभात

एमा दात्शी म्हणजे मिरच्यांची चीज घातलेली भाजी. यात मिरची हीच भाजी आहे, फोडणीपुरती नाही. आधी केवा दात्शी (बटाटा) किंवा शामू दात्शी (अळंबी) मागवा, बरोबर लाल तांदळाचा भात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण रोज तेच खाऊन कंटाळतो. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं पिशवीत असू द्या. सुजा हा लोणी-मिठाचा चहा आहे. चहा म्हणून प्यायलात तर तोंड वाकडं होईल, सूप समजून प्या.

झोंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी काढलेली. स्तूपाला प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवीकडून. देवळाच्या गाभाऱ्यात फोटो नाहीत. सार्वजनिक जागी सिगारेट नाही.

नोंग्त्रुम हे भूतानचं चलन आणि रुपया एकास एक. आपल्या नोटा चालतात. १०० पर्यंतच्या कितीही नेता येतात, त्यावरच्या नोटांना माणशी २५,००० रुपयांची मर्यादा. भीम-यूपीआय २०२१ पासून चालतं, पण खिंडीतल्या चहावाल्याकडे चालेलच असं नाही, म्हणून शंभराच्या नोटांचं बंडल पुण्यातच बँकेतून घ्या. सुटे म्हणून नोंग्त्रुम हातात येत राहतील. रस्त्यानं परतत असाल तर उरलेले जयगावात खपवा, तिथले दुकानदार सर्रास घेतात. विमानानं येत असाल तर पारोतच संपवा, लक्ष्मी रोडवर त्यांना कुणी विचारणार नाही.